१८ मे आणि १७ सप्टेंबर : मराठवाड्याच्या शेतकरी मेळाव्याची वाटचाल

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे वर्ष दोन तारखांना बांधलेले आहे. १८ मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठात खरीप मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडचा शेतकरी आदल्या रात्रीची गाडी धरतो आणि उजाडायच्या सुमारास विद्यापीठात दाखल होतो. भाषणांना उशीर झाला तरी चालते. बियाण्याच्या रांगेत उशीर झालेला चालत नाही. या स्मरणिकेत मेळाव्याचा इतिहास लिहिताना मी उद्घाटनांची आणि पाहुण्यांची यादी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. कोणत्या वर्षी शेतकरी काय विचारत आला, याच वाटेने तो सांगायचा आहे. मेळाव्याचा खरा दफ्तरखाना तोच.

तारखांचे आधी सांगितले पाहिजे. १८ मे हा विद्यापीठाचा स्थापना दिवस, साल १९७२. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ मध्ये याच दिवशी निजामाचे राज्य संपले. पण शेतीच्या हिशेबानेही या तारखा नेमक्या बसतात. १८ मेनंतर आठवडाभरात रोहिणी निघतात आणि मृगाला तीन आठवडे उरलेले असतात. नांगरटी झालेल्या असतात, पाळ्या चाललेल्या असतात, बियाण्याचा विचार डोक्यात घोळत असतो. १७ सप्टेंबरला उत्तरा चालू असतात, पुढे हस्त. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायची, ही विद्यापीठाचीच शिफारस. त्यामुळे मुक्तिदिनाचा झेंडा फडकतो त्याच दिवशी रब्बी ज्वारीच्या पिशव्या हातात पडतात.

मेळावा विद्यापीठाने भरवला हे खरे, पण शेतीसाठी माणसे जमवण्याची रीत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. संभाजीनगरच्या छावणीत दर गुरुवारी भरणारा बाजार घ्या. बैलजोडी, शेळ्या, दावी, घुंगरमाळा, औताचे सामान असे सगळे एका ठिकाणी मिळायचे आणि पाऊस कुठवर आला, ज्वारी कोणत्या भावाने गेली, ही खबरही तिथेच मिळायची. सबंध मराठवाड्यात या परंपरेचा मेरुमणी म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाच्या नावाने ती भरते. घोडे, गाढवे, खेचरे, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळीचे जागरण, कुस्त्यांची दंगल, लावणी आणि त्याच मैदानावर नांदेड जिल्हा परिषदेचे पशुप्रदर्शन, फळे-भाजीपाल्याच्या स्पर्धा, कृषिनिष्ठ शेतकऱ्यांचा सत्कार. देवाची यात्रा आणि शेतीचे प्रदर्शन तिथे एकाच मांडवात नांदते.

तिथले लाल कंधारीचे रिंगण एकदा जवळून पाहावे. वळू उभा केला की पंच आधी दात पाहतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती असे गट त्यावरूनच पडतात. मग रंग. अंगभर एकसारखा गडद तांबडा हवा, पांढरा ठिपका चालत नाही. डोळ्यांभोवती काळे, चकचकीत कडे. कपाळ रुंद, कान लांब आणि लोंबते, शिंगे दोन्ही बाजूंना सारखी वळलेली. मग पंच मागे सरकतात आणि धन्याला जनावर चालवायला सांगतात, कारण उभे राहिलेले जनावर पायातला दोष लपवते. शेजारी देवणीची दावण. तिच्यात वानेरा, शेवरा, बालंक्या हे तीन प्रकार: तोंडावर काळे असलेला वानेरा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे-ठिपके पसरलेला शेवरा आणि पांढऱ्या अंगाचा, फक्त खालच्या बाजूला काळे ठिपके असलेला बालंक्या. पंचांचा निकाल लागण्याआधी कडेच्या शेतकऱ्यांचा निकाल लागलेला असतो आणि तो सहसा चुकत नाही.

जगभरातल्या शेतीजत्रांचा उगम असाच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफिल्ड नावाच्या गावी एल्काना वॉटसन याने १८०७ मध्ये दोन मेरिनो मेंढ्या चौकात आणून बांधल्या. लोकर पाहायला गाव लोटला. त्या गर्दीतूनच पुढे चारएक वर्षांत बर्कशायर परगण्याची शेतीजत्रा उभी राहिली आणि तिचे अनुकरण त्या देशभर झाले. तिथेही आणि माळेगावातही शेतकरी आपले जनावर, आपले पीक दाखवायला येतो. परभणीच्या मेळाव्याने त्यात एक गोष्ट वाढवली. इथे दाखवण्याइतकाच विचारण्याला मान मिळाला.

विचारायला कोणी असावे लागते. निजामाच्या राजवटीत परभणीला १९१८ मध्ये मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झाले. पुढे परभणी, बदनापूर, नांदेड, अंबाजोगाई, लातूर आणि आपले छत्रपती संभाजीनगर इथे ज्वारी, बाजरी, कडधान्ये, कापूस, गळीतधान्ये आणि फळे यांच्या संशोधनाची केंद्रे उभी राहिली. आपल्या शहराच्या वाट्याला फळे आली. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग ही मोगल काळातली सुमारे ३०० एकरांची बाग; तिथे आजही विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राहुरी आणि अकोल्याला कृषी विद्यापीठे आधी झाली. मराठवाडा आणि कोकण यांना ती एकाच दिवशी मिळाली, १८ मे १९७२ रोजी.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी सोसला ते आजही लाल मिलो ज्वारी आणि सुकडीचे नाव काढले की गप्प होतात. खडी फोडणारे हात, नाला-बांधाची कामे, पाण्याच्या टाकीभोवतीच्या घागरी हे सगळे घडत असताना हे विद्यापीठ काही महिन्यांचे होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. पुढे २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. दुष्काळात जन्मलेल्या संस्थेला पहिला प्रश्न कोणता पडणार हे उघड होते: कमी पाण्यात, कमी दिवसांत पोटापुरते धान्य कसे निघेल? संकरित ज्वारी हे त्या काळाचे उत्तर होते. दाणा जास्त, पण भाकरीला चव नाही आणि कडबा आखूड, ही बायामाणसांची तक्रारही त्याच्याच जोडीने आली. ती तक्रार संशोधकांनी मनावर घेतली, असे मी म्हणेन. 'परभणी मोती' या रब्बी ज्वारीचा मोत्यासारखा टपोरा दाणा आणि त्यानंतर आलेली, लोह आणि जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ही त्या तक्रारीची उशिरा आलेली, पण चांगली उत्तरे आहेत.

ऐंशीच्या दशकात प्रश्न कापसाकडे वळले. नांदेडच्या केंद्रातून आलेल्या एनएचएच ४४ या संकरित वाणाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा बऱ्यापैकी पैसा आणला. त्या काळी मेळाव्याला आलेला माणूस फवारणीचे विचारायचा, खताच्या हप्त्यांचे विचारायचा. नव्वदीनंतर सोयाबीन आले आणि पाहता पाहता खरीप ज्वारीची, मूग-उडदाची राने त्याने व्यापली. २००२ नंतर बीटी कापूस आला. कापसाचे बियाणे आता कंपनीच्या पाकिटात आले. तेव्हापासून मेळाव्यातली रांग प्रामुख्याने सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, ज्वारी यांच्यासाठी लागते.

ही रांग का लागते, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. बियाणे तर तालुक्याच्या दुकानातही मिळते. पण एमएयूएस ७१, एमएयूएस १६२, एमएयूएस ६१२ ही सोयाबीनची किंवा बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ही तुरीची सरळ वाणे आहेत. एकदा चांगले बियाणे घरी आले की पुढच्या वर्षी घरचेच राखून पेरता येते. एकरी ३० किलो सोयाबीन पेरले आणि पीक साधले तर पुढच्या हंगामाला भावकीला, शेजाऱ्याला, मेहुण्याला द्यायला बियाणे उरते. पहाटे रांगेत उभा राहणारा माणूस एका गोणीसाठी उभा असतो, पण त्याच्या मागे निम्मे गाव उभे असते. बदनापूरची बीडीएन ७११ तूर दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांत हाती येते, म्हणजे परतीच्या पावसाने दगा दिला तरी शेंग भरून निघते. एमएयूएस १६२ उंच वाढते म्हणून मशीनने काढता येते. असे गुण जाहिरातीने नव्हे, गावातल्या एका रानात दिसले म्हणून पसरले.

आता विचारण्याकडे येतो. दुपारी तांत्रिक सत्रात चिठ्ठ्या गोळा होतात, कोणी उभे राहून विचारतात आणि त्या त्या विषयाचे शास्त्रज्ञ उत्तर देतात. हा शंका-समाधानाचा कार्यक्रम म्हणजे मेळाव्याचा जीव. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाचोड-पैठणकडच्या शेतकऱ्यांचा तेव्हा एकच प्रश्न होता: झाड जगवायचे कसे? उत्तर ऐकायला कडू होते. यंदाचा बहार सोडा, फळे काढून टाका, आळ्यात पाचटाचे आच्छादन करा, पानांवर केओलिन फवारा, मिळेल ते पाणी खोडाशी ठिबकाने किंवा मडक्याने द्या. फळ गेले तर वर्ष जाते, झाड गेले तर दहा वर्षे जातात. ज्यांनी ऐकले त्यांच्यातल्या अनेकांच्या बागा तगल्या.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. त्यानंतरच्या मेळाव्यांत जो तो कामगंध सापळ्यांचे विचारू लागला. हेक्टरी किमान पाच सापळे, जूनच्या आधी लागवड नको, फरदड ठेवायची नाही, हे तिथून गावोगाव गेले. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपे शंखी गोगलगाईंनी रातोरात खाऊन टाकली. जी कीड कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्यावर सत्रे घ्यावी लागली. ज्या वर्षी जे संकट, त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत ते सगळ्यात आधी उतरते. अहवालात ते नंतर येते.

या सगळ्यात मला सर्वात मोलाचा वाटतो तो गोणपाटाचा प्रयोग. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या. दुबार पेरणी करायची वेळ आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या संभाजीनगरातल्या खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षानंतर उगवण तपासण्याचे प्रात्यक्षिक मेळाव्यात आणि गावोगावच्या बैठकांत आवर्जून होऊ लागले. करायला अगदी साधे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर सारख्या अंतराने दहा बिया मांडायच्या. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, हात घालून येतील ते. तुकड्याची गुंडाळी करायची. अशा दहा गुंडाळ्या, म्हणजे शंभर बिया. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. पाच-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो. कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. फारच कमी आले तर ते बियाणे पेरायचेच नाही. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात. एवढे ज्ञान घेऊन माणूस घरी गेला, तर त्याचे प्रवासभाडे वसूल झाले.

मेळाव्याचा तिसरा दिवस बराच काळ कोणाच्या ध्यानात नव्हता आणि तोच मला आता सर्वात जवळचा वाटतो. ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, महिला शेतकरी मेळावा भरतो. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, बियाण्याची निवड, साठवण ही कामे बायकाच करतात, पण मे महिन्याच्या गर्दीत त्या मागे उभ्या राहायच्या. विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागाने त्यांच्या कष्टांचा विचार करून साधने बनवली: कापूस वेचताना घालायचा कोट, भेंडी तोडताना घालायचे हातमोजे, हलका सुधारित विळा. दुकानात ती सहसा दिसत नाहीत. मेळाव्यात हातात घेऊन पाहता येतात, म्हणून ती शेतात पोहोचतात. भेंडी तोडून ज्यांची बोटे सोलवटली आहेत, त्यांनाच त्या हातमोज्यांची किंमत कळेल.

परभणीत मेळावा भरतो, मग संभाजीनगरच्या लोकांचा यात वाटा काय, असे कोणी विचारले तर मी बाजरीकडे बोट दाखवतो. पैठण रस्त्यावरच्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात बाजरीचे संकरित वाण तयार झाले. एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ यातली एएचबी ही अक्षरे औरंगाबाद (संभाजीनगरचे तेव्हाचे नाव) हायब्रीड बाजरीची. एएचबी १२०० च्या दाण्यात लोहाचे प्रमाण सुमारे ७३ पीपीएम आहे. नेहमीच्या वाणांत ते ४५ ते ५० च्या आसपास असते. मराठवाड्यातल्या बायकामुलांत रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता ही बाजरी आपल्या शहराने महाराष्ट्राला दिलेली मोठी देणगी आहे आणि तिचा जितका गाजावाजा व्हायला हवा तितका झालेला नाही. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, तेव्हा थोडे बोलले गेले. त्याच परिसरातल्या कृषी विज्ञान केंद्राच्या बैठका, शिवारफेऱ्या, हिमायतबागेतून दरसाल जाणारी आंबा, चिंच, सीताफळाची रोपे हा मेळाव्याचाच वर्षभर चालणारा भाग आहे. ज्याला परभणी दूर पडते त्याच्यासाठी ही दारे उघडी आहेत.

काळ बदलला तशी रूपे बदलली. पूर्वी माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि मीटरगेजच्या गाडीने यायची. विद्यापीठाच्या 'शेतीभाती' मासिकाचा अंक आणि कृषी दैनंदिनी पिशवीत घालून न्यायची. कोरोनाच्या काळात मांडव पडला नाही, मेळावा ऑनलाइन झाला. मोबाइलवर प्रश्न आले, उत्तरे दिली गेली, पण रांग नव्हती, औजारे हाताळता आली नाहीत, एकमेकांच्या पिकाची चौकशी झाली नाही. लम्पीच्या साथीने २०२२ मध्ये राज्यभरचे गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा माणसे आणि जनावरे एकत्र येण्यावर आपली किती भिस्त आहे हे कळले. 'विद्यापीठ आपल्या दारी' या उपक्रमातून शास्त्रज्ञ बांधावर जाऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. तरी चार जिल्ह्यांतला शेतकरी एका ठिकाणी येऊन दुसऱ्याचा प्रश्न ऐकतो, त्याची जागा हा उपक्रम घेऊ शकत नाही. बीडच्या माणसाच्या गोगलगाईचे ऐकून फुलंब्रीचा माणूस पुढच्या वर्षी सावध होतो.

खाजगी प्रदर्शने आता शहरोशहरी भरतात. संभाजीनगरातही भरली आहेत, पुण्या-बारामतीची तर मोठी नावाजलेली. ट्रॅक्टर, ड्रोन, ठिबक, खते, सगळे तिथे पाहायला मिळते आणि ते पाहावेही. पण तिथे विकणारा बोलतो. परभणीत बियाणे काढणाऱ्याला त्याच्या बियाण्याबद्दल तोंडावर जाब विचारता येतो. हा फरक जपला पाहिजे. त्यासाठी माझे मत स्पष्ट आहे: शंका-समाधान सकाळच्या पहिल्या तासाला व्हावे आणि सत्कार दुपारी. आणि दरवर्षी आलेल्या चिठ्ठ्या गाव, पीक आणि तारीख टाकून जपल्या जाव्यात. पन्नास वर्षांच्या अशा चिठ्ठ्या एकत्र असत्या, तर मराठवाड्याच्या शेतीचा त्याहून चांगला इतिहास कोणाला लिहिता आला नसता.

तेव्हा वाचकांना एक विनंती. येत्या १८ मेला निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या सोयाबीनच्या शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा. कोंब मोजा. एका कागदावर गाव, जमीन कशी आहे, मागच्या वर्षी काय पेरले, कधी पेरले, किती उगवले, काय लागले हे लिहा आणि खाली आपला प्रश्न लिहा. तो कागद घेऊन या. आपल्या घरातल्या बाईलाही बरोबर आणा. निम्मे प्रश्न तिच्याकडे असतात.